पहिला कौटुंबिक तंबू घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीचा फराळ संपत आला की नातेवाइकांचे फोन सुरू होतात. "पवनेला जायचंय, तंबू कुठला घेऊ?" आमच्या घरात आजवर तीन तंबू आले. पहिला घेतानाच चुकलो, दुसरा बरा होता पण आम्हाला नीट सांभाळता आला नाही, तिसरा अजून चालू आहे. त्यामुळे उत्तरं आता तोंडपाठ झाली आहेत. ती गाडीने जाऊन एक-दोन रात्री राहणाऱ्या, मुलाबाळांच्या घरांसाठी आहेत. पाठीवर ओझं घेऊन हरिश्चंद्रगड चढणाऱ्यांचं गणित वेगळं. त्यांना आधी वजन बघावं लागतं, आपल्याला आधी तंबूत हवा खेळते का ते बघायचं.

आम्ही चौघं आहोत. चार माणसांचा तंबू पुरेल ना?

नाही पुरणार. पिशवीवर छापलेला आकडा म्हणजे माणसं खांद्याला खांदा लावून, हात न हलवता झोपली तर किती मावतील याचा हिशेब. माणशी साधारण ६० सेंमी रुंदी धरतात, म्हणजे रेल्वेच्या स्लीपर डब्यातल्या बर्थएवढी. त्यात बॅगा नाहीत, पाण्याचा कॅन नाही, आणि झोपेत घड्याळाच्या काट्यासारखं फिरणारं पाच वर्षांचं पोरगं तर नाहीच नाही.

दुकानात जाण्याआधी एक करा. चार माणसांच्या तंबूचा तळ बहुतेक वेळा २१० बाय २४० सेंमीच्या आसपास असतो. हॉलमधलं टीपॉय बाजूला सरकवा, फरशीवर खडूने तेवढा चौकोन काढा, गाद्या-गोधड्या टाका आणि चौघंही दहा मिनिटं त्यात पडा. मधे कोण झोपणार यावरून पाचव्या मिनिटाला भांडण लागतं. आमच्याकडे लागलं होतं, आणि त्यातूनच पुढचा तंबू ठरला.

दोन मोठे आणि दोन लहान मुलं असतील तर पाच-सहा माणसांचा तंबू घ्या. मुलं दहा-बाराच्या पुढची असतील तर एका मोठ्या तंबूपेक्षा तीन-तीन माणसांचे दोन बरे. सह्याद्रीत चार मीटर लांब-रुंद सपाट जागा शोधणं वाटतं तितकं सोपं नाही, दोन लहान चौकोन मात्र कुठेही सापडतात. शिवाय त्या वयाच्या मुलांना आईबापांच्या घोरण्यापासून लांब जायचंच असतं. दारं समोरासमोर ठेवली की काम झालं.

आत उभं राहता आलं पाहिजे का?

आजी-आजोबा येणार असतील तर हो. साध्या घुमटी तंबूची मधली उंची १२० ते १४० सेंमी असते. म्हणजे आत जायचं ते रांगत, कपडे बदलायचे ते बसून किंवा आडवं होऊन. तिशीतल्या माणसाला त्याची गंमत वाटते. गुडघ्याची तक्रार असलेल्या माणसाला पहाटे चार वाजता बाहेर पडायचं असतं तेव्हा त्यात गंमत उरत नाही. उभं राहता येणारे तंबू १९० सेंमीच्या पुढे असतात, पण ते जड असतात, लावायला वेळ घेतात आणि वाऱ्याला अंग देतात. घरातलं सगळ्यांत कुरकुरणारं माणूस कोण, ते ओळखा आणि त्याच्या उंचीचा तंबू घ्या.

विकत घेण्याआधी भाड्याने घेऊन बघावा का?

नक्की. पवना, मुळशी, पानशेत, भंडारदरा, तापोळा अशा जलाशयांच्या काठांवर आणि अलिबाग-रेवदंड्याच्या बाजूला आयते लावलेले तंबू मिळतात. एक रात्र तिथे काढा. जेवण कसं होतं याकडे जरा दुर्लक्ष करा आणि सकाळी तंबूकडे नीट बघा: छत ओलं होतं का, पाठ दुखली का, मुलं किती वाजता उठली. एवढी माहिती कुठल्याही जाहिरातीतून मिळत नाही.

सकाळी तंबू आतून ओला असतो. गळतो का?

बहुतेक वेळा नाही. ते पाणी तुमचंच असतं.

आमचा पहिला तंबू एकपदरी होता, स्वस्त आणि दिसायला झकास. डिसेंबरात पवनेच्या काठी लावला. पहाटे पाचच्या सुमारास कपाळावर टपकन थेंब पडला. शेजारून लेकीने विचारलं, "बाबा, पाऊस पडतोय?" बाहेर येऊन पाहतो तर आभाळ निरभ्र, चांदणं लख्ख. आत छताला हात लावला आणि बाही कोपरापर्यंत भिजली. परत आल्यावर दुकानदाराकडे तक्रार केली, तर तो म्हणाला, "साहेब, वॉटरप्रूफ आहे तो, बाहेरून. आतून तुम्ही पाणी सोडलंत त्याला मी काय करू?" राग आला, पण माणूस बोलला ते खरं होतं.

होतं असं. निरभ्र रात्री तंबूचं कापड उघड्या आकाशाकडे उष्णता सोडत राहतं आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार पडतं. आत चार माणसं रात्रभर श्वास सोडत असतात, त्यातली वाफ त्या गार कापडाला लागून तिचं पाणी होतं. गार ताकाच्या पेल्याला बाहेरून घाम येतो तोच हा प्रकार.

यावर उपाय दोन पदरांचा तंबू. आत जाळीचा तंबू आणि त्यावर वेगळा फ्लाय, म्हणजे पाऊस अडवणारं बाहेरचं कापड. वाफ जाळीतून बाहेर पडते, फ्लायला लागून तिचं पाणी होतं आणि फ्लायच्या आतल्या बाजूने ओघळून जमिनीत जातं. अंथरूण कोरडं राहतं. फक्त दोन पदर एकमेकांना चिकटता कामा नयेत, मधे चार बोटांची फट हवी. म्हणून फ्लायच्या दोऱ्या ताणायच्या. "वारा कुठेय, कशाला ताणू" म्हणून त्या सैल सोडणारे लोकच सकाळी गादी वाळत घालताना दिसतात.

दुकानात मी आता पहिल्यांदा हेच बघतो. आतल्या तंबूला निम्मी तरी जाळी आहे का? छताजवळ झरोका आहे का, आणि तो उघडा धरायला काडी आहे का? समोरासमोर दोन दारं, निदान दार आणि खिडकी आहे का? आपल्याकडे मुक्काम बिघडतो तो पावसाने कमी आणि कोंडलेल्या हवेने जास्त. तरी दुकानात सगळे पावसाचंच विचारतात.

मग ते १५००, २०००, ३००० मिमीचे आकडे कशाचे?

कापडावर पाण्याचा उभा स्तंभ धरला तर किती उंचीपर्यंत ते पाणी अडवतं त्याचे. २००० मिमी म्हणजे दोन मीटर पाण्याचा दाब होईपर्यंत थेंब आत येत नाही. फ्लायला १५०० ते २००० आपल्या हिवाळी-उन्हाळी मुक्कामांना भरपूर झाले. तळाला मात्र जास्त हवं, ३००० च्या पुढे. कारण साधं आहे. छतावर फक्त पाऊस पडतो, तळावर आपण गुडघा टेकतो. ओल्या जमिनीवर माणूस गुडघ्यावर आला की तेवढ्या जागेवर दाब कितीतरी वाढतो आणि पाणी वर येतं.

आकड्यापेक्षा शिवण महत्त्वाची. फ्लाय उलटा करून बघा, शिवणींवर आतून पारदर्शक पट्टी चिकटवलेली असली पाहिजे. ती नसेल तर ५००० मिमीचं कापडसुद्धा सुईच्या भोकांतून गळतं. माहितीपत्रकात "डी" हा आकडा दिसला तर तो धाग्याच्या जाडीचा, म्हणजे ९००० मीटर धाग्याचं वजन किती ग्रॅम ते. "टी" हा विणीच्या दाटपणाचा. दोन्ही कळले नाहीत तरी काही बिघडत नाही.

पावसाळ्यात कॅम्पिंग करायचंय. कुठला तंबू?

पहिल्या तंबूत, मुलांना घेऊन, नको. महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिमीहून जास्त पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. त्या पावसात तंबू गळला नाही तरी खालून पाण्याचा पाट वाहतो, लाकूड पेटत नाही आणि मुलं चोवीस तास आतच. घाटमाथ्यावर गावात एखाद्या घरी खोली घ्या, पाऊस पडवीतून बघा. पिठलं-भाकरीही मिळते.

अपवाद काजव्यांचा. मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत पुरुषवाडी, भंडारदरा, राजमाची या पट्ट्यात काजवे बघायला लोक जातात आणि नेमका तेव्हाच वळीव येतो. तेव्हा फ्लाय पूर्ण जमिनीपर्यंत येणारा हवा, आणि तंबू ओढ्याच्या पात्रात किंवा खोलगट जागेत नको. विजा कडाडायला लागल्या की तंबूतून उठून सगळ्यांनी गाडीत बसा. विजेपुढे तंबू म्हणजे नुसतं कापड आणि चार काड्या. धातूच्या टपाची बंद गाडी खूपच सुरक्षित.

घुमटी घ्यावा की बोगद्यासारखा लांबट?

घुमटी. कारण आपली जमीन. बोगदा तंबू खुंट्यांच्या ताणावर उभा राहतो, खुंट्या निघाल्या की तो आडवा. आणि आपल्याकडे सह्याद्रीत वरच्या दोन बोटं मातीखाली काळा कातळ, कोकणातल्या सड्यावर जांभा. खुंटी ठोकायला गेलात की ती वाकते, नाहीतर टण्‌कन उडून येते. घुमटी तंबू पोलांच्या जोरावर स्वतः उभा राहतो, त्याला फक्त उडून जाऊ द्यायचं नसतं. शिवाय उभा केल्यावर चौघांनी चार कोपरे धरून दोन हात सरकवता येतो. खाली दगड टोचतोय हे आडवं पडल्यावरच कळतं, तेव्हा याचं मोल समजतं.

बोगदा तंबूत जागा जास्त असते, उभं राहता येतं, पुढे ओसरी मिळते हे खरं. नेहमी मातीच्या शेतात किंवा हिरवळीवरच मुक्काम असेल तर तो घ्यावा.

हवेत फेकला की उघडणारा तंबू कसा? व्हिडिओत फार सोपा दिसतो.

उघडायला सोपाच आहे. डेकॅथलॉनने २००५ साली "टू सेकंड्स" नावाचा असा तंबू आणला तेव्हापासून ही कल्पना लोकप्रिय झाली. प्रश्न घडी घालण्याचा. इंग्रजी आठाच्या आकड्यासारखं वळवून त्याची थाळी करायची असते. सरावाने जमतं, पण पहिल्यांदा वाळूवर, बघ्यांसमोर, घाम पुसत करावं लागतं. घडी झालेली थाळी तीन फुटांच्या आसपास व्यासाची असते, ती लहान गाडीच्या डिकीत मावत नाही. दुपारी बीचवर सावलीला म्हणून उत्तम. कुटुंबाचा एकमेव तंबू म्हणून मी घेणार नाही.

पोल फायबरग्लासचे की अ‍ॅल्युमिनियमचे?

परवडत असतील तर अ‍ॅल्युमिनियमचे. फायबरग्लास जड असतो आणि मोडतो तेव्हा उभा चिरतो. त्याच्या बारीक कुसळ्या बोटात गेल्या तर दोन दिवस आठवण राहते, म्हणून चिरलेल्या पोलावरून हात फिरवायचा नाही. अ‍ॅल्युमिनियम वाकतो, पण रात्र काढून देतो. तरीही पहिल्या तंबूला फायबरग्लास असला म्हणून घेणं रद्द करू नका. बहुतेक कौटुंबिक तंबूंना तोच असतो.

पोल मोडतात ते वाऱ्याने नाही, मुलांनी. दोन तुकडे नीट आत न बसवता वाकवले की सांध्याशी तडकतात. भंडारदऱ्याला आमच्या दुसऱ्या तंबूचा पोल असाच गेला. एक जादाची खुंटी त्या जागी आडवी बांधली, वर इलेक्ट्रिशियनची चिकटपट्टी गुंडाळली आणि रात्र निघाली. तंबूसोबत बोटभर लांबीची धातूची नळी आली असेल तर ती टाकून देऊ नका. मोडक्या जागेवर सरकवायची ती हीच.

साप-विंचवांची भीती वाटते. तंबूने काही फरक पडतो?

पडतो, आणि पुष्कळ पडतो. पण तळ तंबूला शिवलेला असेल आणि चेन बंद असेल तरच.

आपल्याकडचे चार मुख्य विषारी साप म्हणजे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. त्यातली मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसांना चावते, हा तिचा जुना लौकिक. दंश इतका बारीक की अनेकांना जागही येत नाही. पहाटे पोटात दुखायला लागतं, पापण्या जड होतात, तेव्हा कळतं. म्हणजे उघड्यावर सतरंजी टाकून चांदण्या बघत झोपणं रम्य असलं तरी शिवलेल्या तळाच्या, चेन लावलेल्या तंबूत झोपणं कितीतरी शहाणपणाचं. तळाचं कापड कडेने वीतभर वर चढलेलं असावं, परातीच्या काठासारखं. पाणीही अडतं, किडाही अडतो.

चेनची शिस्त मुलांना पहिल्या तासातच लावा. आत आलं की चेन, बाहेर गेलं की चेन. आमच्याकडे उघडी ठेवणाऱ्याला सकाळी भांडी घासावी लागतात. चपला-बूट आत एका पिशवीत. बाहेर राहिलेच तर सकाळी आपटून, झटकून घालायचे. कोकणातला लाल विंचू हा थट्टेचा विषय नाही. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी त्याच्या दंशावर प्राझोसिन या औषधाचा उपचार रूढ केला, २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली, आणि त्याआधीच्या काळात त्या दंशाने माणसं, विशेषतः मुलं, दगावत. तंबू लावण्याआधी जागेवरचे सुटे दगड काठीने उलटून बघा, हाताने नाही. गवताची गंजी, सरपणाचा ढीग, वारूळ यांच्याजवळ तंबू नको.

दंश झालाच तर चिरा देणं, चोखणं, करकचून बांधणं यातलं काही करायचं नाही. तो भाग हलू न देता सरळ दवाखाना. १०८ ला फोन करा, आणि जवळचं ग्रामीण रुग्णालय कुठे आहे हे जाताना वाटेतच विचारून ठेवा.

तंबूखाली ताडपत्री टाकावी का?

टाकावी. निळी साधी ताडपत्री चालते, महागडी खास चादर लागत नाही. पण एक चूक सर्रास होते. ताडपत्री तंबूपेक्षा मोठी असते आणि लोक ती "अंगण" म्हणून बाहेर पसरून ठेवतात. पाऊस किंवा दव त्या बाहेरच्या कडेवर पडतं आणि घसरत थेट तुमच्या पाठीखाली येतं. ताडपत्री चारही बाजूंनी तंबूच्या आत वीतभर राहील अशी दुमडा, आणि दुमड खालच्या बाजूला. अंगणासाठी वेगळी चटई आणा.

खुंट्या जमिनीत जात नाहीत. वाळूत टिकत नाहीत. काय करायचं?

कातळावर दोरीच्या टोकाला मोठा दगड. नुसता दगड दोरीवर ठेवू नका. दोरी एका लहान दगडाला बांधा आणि त्याच्यावर, तंबूच्या बाजूने, मोठा दगड टेकवा. ओढ बसली की लहान दगड मोठ्यामागे अडकतो. वाळूत खुंटी उभी ठोकण्यात अर्थ नाही. जुनी कापडी पिशवी वाळूने भरा, तोंडाला दोरी बांधा आणि हातभर खोल पुरा. ती ओढून काढायला दुसऱ्या दिवशी दोघं लागतात.

मातीत खुंटी तिरकी ठोकायची, डोकं तंबूपासून लांब झुकलेलं. तंबूसोबत येणाऱ्या तारेसारख्या खुंट्या पहिल्याच सहलीत वाकतात. हार्डवेअरच्या दुकानातून जाड लोखंडी खुंट्या करून घ्या, आणि सोबत एक छोटी हातोडी. तणाव्यांना रात्री ठेच लागू नये म्हणून प्रत्येकाला पांढरी चिंधी बांधा. लग्नाच्या मांडवात आपण पाहिलेलं असतं, तंबूच्या वेळी विसरतो.

सकाळी सात वाजता तंबू भट्टी होतो. काळ्या अस्तराचा घ्यावा का?

काळ्या अस्तराने अंधार मिळतो, मुलं तासभर जास्त झोपतात, आणि बाहेरची बाजू पांढरी असेल तर ऊनही बऱ्यापैकी परततं. जास्तीचे पैसे वाजवी आहेत. पण मार्च-एप्रिलच्या कोकणात कुठलाही तंबू दुपारी झोपण्याजोगा राहत नाही. वेळासला कासवांची पिल्लं समुद्रात जाताना बघायला त्याच महिन्यांत जातात, तिथे गावातल्या घरांत राहावं. तंबू लावायचाच असेल तर सकाळचं ऊन झाडामागे राहील अशी जागा घ्या, म्हणजे झाड तंबूच्या पूर्वेला. झाडाखाली दवही कमी पडतं. फक्त वर बघून घ्या: वाळकी फांदी नको, आणि आग्या मोहोळ तर अजिबात नको. त्याला धूर लागला की सगळी पांगापांग.

आमच्या गाडीत मावेल का?

गाडी सीएनजी असेल तर आधी डिकी उघडून बघा. तिथे सिलिंडर बसलेला आहे हे लोक तंबू घरी आणल्यावर आठवतात! सहा माणसांच्या तंबूची पिशवी ६० ते ७० सेंमी लांब आणि दहा-बारा किलोची असू शकते. टपावर बांधणार असाल तर प्लॅस्टिकच्या जाड पिशवीत घाला. एसटीने जाणाऱ्यांनी चार किलोच्या वर जाऊ नये. तंबू एका माणसाने आणि पोल-खुंट्या दुसऱ्याने घेतल्या की ओझं वाटलं जातं.

साधारण खर्च किती?

ऑनलाइन दीड-दोन हजारांत "चार माणसांचा" म्हणून जे मिळतं ते बहुधा एकपदरी असतं. ते मुलांना गच्चीत खेळायला द्या. दुपदरी, शिवणींवर पट्टी असलेला चार माणसांचा घुमटी तंबू साधारण पाच ते दहा हजारांच्या घरात. उभं राहता येणारा, काळ्या अस्तराचा घेतला तर रक्कम त्याच्या दुपटीला जाते. वर्षातून दोनदाच जाणार असाल तर भाड्याचा हिशेब मांडा, कदाचित तोच बरा निघेल.

सेकंडहँड चालेल?

आधी नाकाने तपासा. कुबट वास येत असेल किंवा फ्लायची आतली बाजू बोटाला चिकट लागत असेल तर फुकटही नको. तो पाणी अडवणारा थर आपल्या दमट हवेत सुटायला लागलेला असतो आणि दुरुस्त होत नाही. तसं काही नसेल तर जरूर घ्या. पुष्कळ लोक एकदाच वापरून विकतात.

थंडी वाजते. तंबू जाड घ्यावा का?

तंबू ऊब देत नाही, फक्त वारा अडवतो. थंडी लागते ती खालून. डिसेंबर-जानेवारीत भंडारदऱ्याच्या बाजूला रात्री पारा दहाच्या खाली उतरतो आणि जमीन अंगातली सगळी ऊब ओढून घेते. हवा भरायच्या गादीत आतली हवाच गार पडते. खाली फोमची मॅट, तिच्यावर जाड सतरंजी किंवा घोंगडी, अंगावर गोधडी. मुलांसाठी स्लीपिंग बॅगेपेक्षा गोधडी मला बरी वाटते, लहान मूल रात्री आईजवळ सरकतंच.

आत शेगडी किंवा निखारे ठेवले तर?

कधीच नाही. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेल्या माणसाला ते कळत नाही आणि सकाळ होत नाही. स्वयंपाकही बाहेर. शेकोटी तंबूपासून पंधरा फुटांवर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, नाहीतर ठिणग्यांनी फ्लायची चाळण होते. जानेवारीनंतर गवत वाळलेलं असतं, तेव्हा वणव्याच्या भीतीने आम्ही शेकोटी करतच नाही.

तंबू कुठेही लावता येतो का?

नाही. कळसूबाई-हरिश्चंद्रगड हा अभयारण्याचा भाग आहे, तिथे वनखात्याचे नियम लागतात. कासच्या सड्यावर तंबू ठोकायचा विचारही नको. २०२५ साली युनेस्कोच्या यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांत रायगड, राजगड, लोहगड, शिवनेरी आहेत. गडावर मुक्काम चालतो का हे आधी विचारा, आणि चालत नसेल तर वाद घालू नका. कुटुंबाला सगळ्यांत सोयीचं म्हणजे गावातल्या कुणाचं तरी शेत. मालकाला विचारून, पैसे देऊन. पाणी मिळतं, संडास मिळतो, आणि रात्री काही झालं तर हाकेच्या अंतरावर माणूस असतो. धरणाच्या खाली नदीपात्रात मात्र कधीही नाही, पाणी केव्हा सोडतील ते सांगता येत नाही.

रात्री मुलांना लघवीला जायचं असेल तर?

झोपण्याआधी सगळ्यांची वारी. दाराशी एक टॉर्च, ती कुणी हलवायची नाही. अगदी लहान मुलांसाठी झाकणाचा डबा. हसू नका, तिसऱ्या सहलीपर्यंत मोठेही मागतात.

घरी आल्यावर तंबूचं काय करायचं?

त्याच दिवशी उघडा. थकलेले असाल, उद्या ऑफिस असेल, तरी उघडा. ओला तंबू पिशवीत दोन दिवस राहिला तर बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि ते जात नाहीत. गॅलरीत, दारांवर, पंख्याखाली, जमेल तसा सावलीत वाळवा. वॉशिंग मशीन नको, साबण पावडर नको, ओल्या फडक्याने पुसा. वाळू झटकून काढा, विशेषतः चेनमधली. आवळायला लागलेल्या चेनवर मेणबत्ती घासा, सुरळीत चालते. ठेवताना मूळच्या घट्ट पिशवीत न कोंबता जुन्या चादरीच्या बोचक्यात सैल बांधा आणि माळ्यावर नको, तिथे उंदीर असतात. आमच्या दुसऱ्या तंबूच्या फ्लायला रुपयाएवढी सात भोकं पडली ती माळ्यावरच, आणि कारण तळाच्या कप्प्यात विसरलेला अर्धा पार्ले-जीचा पुडा.

पहिली रात्र कुठे काढावी?

सोसायटीच्या गच्चीवर. अध्यक्षांना सांगून ठेवा. खुंट्यांच्या जागी पाण्याच्या टाकीचा पाइप आणि भरलेल्या बादल्या चालतात. संध्याकाळी उजेड असताना घड्याळ लावून उभा करा. पहिल्या वेळी पाऊण तास लागतो, दुसऱ्या वेळी वीस मिनिटं. मग बागेची नळी घेऊन दहा मिनिटं वरून पाणी मारा, एकाला आत टॉर्च घेऊन बसवा आणि शिवणी तपासायला सांगा. आमच्याकडे हे काम लेकीने स्वतःहून मागून घेतलं. आतून तिचा आवाज आला, "बाबा, आता खरंच पाऊस पडतोय," आणि नंतर कळलं, तिने खिडकीची चेन उघडी ठेवली होती. सकाळी भांडी तिनेच घासली.